स्टार्चपासून बायोप्लास्टिक: मराठवाड्याच्या हवेत पहिली शीट नीट कशी काढावी

स्टार्च, पाणी, ग्लिसरीन, व्हिनेगर. शिजवा, पसरवा, वाळवा. बायोप्लास्टिकची ही कृती सगळीकडे मिळते आणि ती चुकीची नाही. तरीही मे महिन्यात लातूरला काढलेली शीट काचेसारखी तडकते आणि तीच शीट ऑगस्टमध्ये नांदेडला बोटांना चिकटते. दोन्ही वेळा कारण एकच, वाळल्यावर शीटमध्ये उरलेलं पाणी. उन्हाळ्यात ते फार कमी उरतं, पावसाळ्यात फार जास्त. हे पाणी हातात ठेवायला शिकलात की बाकीचं काम स्वयंपाकघरातलंच आहे.

शाळा-कॉलेजचे प्रकल्प करणारे, बचत गट, रोपवाटिकावाले आणि पुढे छोटा उद्योग काढायचा विचार असलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. सुरुवात घरच्या गॅसवर होते, शेवट परवानग्यांवर.

१. आपण नक्की काय बनवणार ते ठरवा

‘बायोप्लास्टिक’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. वनस्पतीपासून बनलेलं प्लास्टिक कुजतंच असं नाही. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनतं, ब्राझीलमध्ये ते २०१० पासून मोठ्या प्रमाणावर होतं, पण मातीत ते साध्या पॉलिथिनसारखंच पडून राहतं. उलट पीबॅट नावाचं प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलापासून बनतं, तरी योग्य खतखान्यात कुजतं. बाजारातल्या कंपोस्टेबल पिशव्या बहुधा पीबॅटमध्ये स्टार्च किंवा पीएलए मिसळूनच केलेल्या असतात.

पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. साखर किंवा स्टार्च आंबवून लॅक्टिक ॲसिड काढतात, त्याचं लॅक्टाइड करतात आणि लॅक्टाइडच्या साखळ्या जोडून प्लास्टिक तयार होतं. हे घरी होणारं काम नाही. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, यावरून कामाचा आवाका लक्षात यावा. शिवाय पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेले पीएलएचे ग्लास वाकडे होतात, ते यामुळेच.

नवख्या माणसाने सुरुवात करावी ती स्टार्चच्या शीटपासून. ती पूर्ण वनस्पतीजन्य असते, ओल्या मातीत काही आठवड्यांत विरते आणि चुकली तर शेणखतात टाकता येते. तिची मर्यादाही आधीच समजून घ्या: ती पाण्यात टिकत नाही. भाजीची पिशवी किंवा पाण्याचा ग्लास हा तिचा उपयोग नव्हे. कांदा-गाजराच्या बियांची पट्टी, पाण्यात विरघळवायच्या खताची पुडी, कोरड्या वस्तूचं वेष्टण, अशा जागी तिचं विरघळणं कामाला येतं.

२. सामान जमवा, आणि नावं नीट वाचा

एका शीटसाठी (२० × ३० सेंमी) लागणारं साहित्य:

- मक्याचा स्टार्च: १० ग्रॅम
- आरओचं किंवा गाळलेलं पावसाचं पाणी: १२० मिली
- ग्लिसरीन: २.५ ते ४ ग्रॅम, ऋतूप्रमाणे (पायरी ४ पाहा)
- पांढरं व्हिनेगर, साधारण ४ टक्क्यांचं: ५ मिली
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, स्वयंपाकाचा थर्मामीटर, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथना
- कुरडया-पापड घालायला वापरतो तसा जाड, गुळगुळीत प्लास्टिकचा कागद, त्याखाली सपाट फळी, आणि कडेला लावायला २-३ मिमी जाडीच्या पट्ट्या

आता यातले फसवे भाग. किराणा दुकानात ‘कॉर्नफ्लॉर’ म्हणून मिळणारी चुरचुरीत पांढरी पावडर म्हणजे स्टार्च. ‘मक्याचं पीठ’ वेगळं. ते पिवळसर असतं, त्यात प्रथिनं, तेल आणि कोंडा असतो, आणि त्याची शीट खरखरीत निघून वास मारते. कस्टर्ड पावडरही चालणार नाही.

ग्लिसरीन मेडिकलमधून ‘ग्लिसरीन आयपी’ असं लिहिलेलंच घ्या. गुलाबपाणी मिसळलेली त्वचेची बाटली दिसायला तशीच असते, पण तिच्यात ग्लिसरीन किती ते कळत नाही. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड आहे, एक मिली म्हणजे १.२६ ग्रॅम. म्हणून चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. पाच मिलीचा एक चमचा म्हणजे ६.३ ग्रॅम होतात आणि तेवढ्यात शीट बिघडते.

व्हिनेगरऐवजी लिंबू पिळायचा मोह टाळा. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड वाळताना बरंचसं उडून जातं. लिंबातलं सायट्रिक ॲसिड शीटमध्येच राहतं, स्टार्चच्या साखळ्या तोडत राहतं, आणि रसातल्या साखरेवर बुरशीची चंगळ होते. संडास साफ करायचं ॲसिड किंवा तीव्र ॲसेटिक ॲसिड घरात मुळीच वापरू नका. दोन्हींनी भाजतं आणि वाफ डोळ्यांत जाते.

पाण्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पाणी उडून जातं, क्षार शीटमध्ये उरतात आणि पांढरे डाग पडतात. त्याहून वाईट म्हणजे हे क्षार व्हिनेगरमधल्या आम्लाचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. आम्ल इथे थोडं हवंच असतं: स्टार्चमधल्या फांद्या फुटलेल्या साखळ्या ते थोड्या तोडतं आणि खळ एकसारखी पसरते. ते कमी पडलं की खळ ताठर होते आणि गुठळ्या मोडत नाहीत. पातेल्याच्या तळाशी क्षार धरणारं पाणी या कामाला घेऊ नका.

३. स्टार्च घरी काढायचा असेल तर गहू घ्या

सिल्लोड, कन्नड, भोकरदनच्या पट्ट्यात मका दारात असतो, म्हणून मक्यापासूनच स्टार्च काढावासा वाटतो. पण मक्याच्या टणक दाण्यात स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळीत घट्ट अडकलेले असतात. कारखान्यात ते सोडवायला मका सल्फर डायऑक्साइडच्या पाण्यात साधारण ५० अंशांवर दीड-दोन दिवस भिजवतात. घरी नुसत्या पाण्यात भिजवून मिक्सरला फिरवला तर हाती येतो तो पिवळा गाळ. मक्याचा स्टार्च विकतच घ्या.

गव्हाचं तसं नाही. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच आपला स्टार्च. गहू तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, वाटा, फडक्यातून पिळून गाळा आणि रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी ओतून द्या. चिकावर राखाडी, लिबलिबीत थर दिसेल, ती प्रथिनं. हा थर चमच्याने खरवडून काढा, खालच्या पांढऱ्या चिकात पुन्हा पाणी घालून ढवळा, पुन्हा निवळू द्या. कुरडयांसाठी एखादा थर राहिला तरी बिघडत नाही, शीटसाठी मात्र तीनदा धुवाच, नाहीतर ती तपकिरी पडते आणि बुरशी लवकर धरते.

ओला चीक थेट एप्रिलच्या उन्हात ताटात घालू नका. गव्हाचा स्टार्च साधारण ५२ अंशांपासून फुगायला लागतो आणि तापलेलं स्टीलचं ताट तिथपर्यंत सहज जातं. मग पावडरीऐवजी खडे मिळतात. सावलीत, कापडावर, पातळ पसरून वाळवा.

४. ग्लिसरीन ऋतू पाहून ठरवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. नुसत्या स्टार्चची शीट वाळली की कडक होते, कारण साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. ग्लिसरीन त्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना सरकायला जागा देतं. ते हवेतलं पाणीही ओढून धरतं आणि हे पाणीसुद्धा शीट मऊ ठेवतं. म्हणजे मऊपणा ग्लिसरीन आणि हवेतला ओलावा दोघांकडून येतो. एक वाढला की दुसरा कमी करायचा.

१० ग्रॅम स्टार्चला:

- जून ते सप्टेंबर: २.५ ग्रॅम
- ऑक्टोबर ते फेब्रुवारी: ३ ग्रॅम
- मार्च ते मे: ३.५ ते ४ ग्रॅम

दोन ग्रॅमच्या खाली गेलात तर कुठल्याही ऋतूत शीट मोडते. साडेचारच्या वर गेलात तर ग्लिसरीन पृष्ठभागावर पाझरतं, धूळ चिकटते आणि शीट कागदावरून सुटत नाही. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. तुमचा स्टार्च आणि तुमची खोली पाहून अर्धा-अर्धा ग्रॅम मागेपुढे करा, आणि प्रत्येक शीटवर ग्लिसरीनचं वजन व तारीख पेनाने लिहून ठेवा. महिन्याभराने कुठली शीट कशी होती ते आठवत नाही.

५. खळ शिजवा

रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. थंड पाण्यात स्टार्च कालवा, पाणी गरम असेल तर गुठळ्या होणारच. मग ग्लिसरीन आणि व्हिनेगर घाला. ॲल्युमिनियमचं पातेलं नको.

मंद आचेवर ठेवून तळ खरवडत ढवळत राहा. ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान मिश्रण एकदम दाटेल आणि दुधाळ रंग जाऊन अर्धपारदर्शक होईल. बहुतेक जण इथेच गॅस बंद करतात, आणि शीट कमजोर निघण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. खळ दाटली म्हणजे कण फुगले, फुटले नाहीत. शीटला ताकद देते ती कणांतून बाहेर येणारी सरळ साखळी, अमायलोज. ती सुटायला खळ ८५ ते ९० अंशांवर १० ते १५ मिनिटं राहायला हवी. आच सांभाळता येत नसेल तर उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात हे पातेलं ठेवा. थोडी खळ चमच्याने उचलून उजेडात धरा. ढगाळ ठिपके दिसले तर अजून शिजवायची आहे.

जोरात ढवळू नका आणि उकळी फुटू देऊ नका, दोन्हींनी बुडबुडे अडकतात.

शिजल्यावर पातेलं काट्यावर ठेवा. आत सुमारे १२५ ग्रॅम खळ असायला हवी. जास्त आटली असेल तर गरम पाणी घालून भरून काढा. हे वजन केलं नाही तर दर वेळी शीटची जाडी वेगळी येते आणि मग ग्लिसरीनचे प्रयोग एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

बळकटी हवी असेल तर उसाच्या चिपाडाचा भुसा घाला. चिपाड गरम पाण्याने दोन-तीनदा धुवून साखर काढा, वाळवा, मिक्सरमधून काढा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. १० ग्रॅम स्टार्चला अर्धा ग्रॅम पुरे. शीट ओढायला मजबूत होते, पण ताणली कमी जाते. न धुतलेल्या चिपाडाच्या शीटला मुंग्या लागतात.

६. गरम असतानाच पसरवा

फळी पातळीत आहे का ते आधी पाहा. पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली तरी कळतं. फळी तिरकी असेल तर शीट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते आणि पातळ बाजू आधी वाळून ओढली जाते.

स्टीलच्या ताटावर किंवा काचेवर खळ ओतू नका. स्टार्च त्यांना असा चिकटतो की शीट तुकड्या-तुकड्याने निघते. जाड पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन किंवा ॲक्रिलिक यांवरून ती अख्खी सोलली जाते. कागद फळीवर ताणून चिकटवा, कडेला पट्ट्या लावा, खळ मधोमध ओता आणि पट्टीने एकाच दिशेने ओढा. खळ ६० अंशांखाली गेली की साय धरते आणि मग पट्टीचे ओरखडे उमटतात, म्हणून हात चपळ हवा. राहिलेले बुडबुडे सुईने फोडा.

ओली खळ २ मिमी जाड असेल तर वाळून शीट ०.१५ ते ०.१८ मिमीची होते. दहापटीहून जास्त आक्रसणं हेच तडे जाण्याचं मूळ आहे, आणि पुढची पायरी त्यासाठीच आहे.

७. वाळवणं: घाई इथे नडते

उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी वाळून आक्रसतो, खालचा ओलाच असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत शीट कडेने वळते व मधे फाटते. मार्च ते मे मध्ये कूलर चालू असलेली खोली उत्तम, तिथली हवा दमट असते. मात्र कूलरचा झोत शीटवर थेट नको. वर पातळ सुती कापड ताणून ठेवा, शीटला टेकू देऊ नका. हिवाळ्यात बंद खोलीत साधारण दीड-दोन दिवस लागतात.

पावसाळ्यात अडचण उलटी. दोन दिवसांनीही शीट ओली राहिली तर तिसऱ्या दिवशी काळे-हिरवे ठिपके दिसतात. तेव्हा लाकडी किंवा थर्माकोलच्या खोक्यात, शीटपासून आणि खोक्याच्या बाजूंपासून दूर, ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा. एलईडीला पुरेशी ऊब येत नाही. वर हवा जायला भोकं ठेवा. आत ४० ते ४५ अंश पुरेत. बल्ब लावून घराबाहेर पडू नका.

शीट तयार झाली हे कडेवरून ओळखा. कोपरा नखाने उचलला की आवाज न करता सलग सुटायला हवा. कडकड आवाज आला तर ती फार वाळली आहे. अशी शीट फेकू नका, ओलसर फडक्यासोबत बंद डब्यात, फडक्याला न टेकता, रात्रभर ठेवा. सकाळी ती पुन्हा मऊ होते.

८. पारखून घ्या

*घडी:* शीट पूर्ण दुमडून घडीवरून नख फिरवा. पांढरी रेघ उमटली तर चालेल, तुटली तर ग्लिसरीन किंवा शिजवणं कमी पडलं.

*पावसाळ्याची परीक्षा:* डब्याच्या तळाशी मीठ विरघळायचं थांबेल इतकं खारट पाणी घाला, तळाला थोडं मीठ उरू द्या. वर जाळीवर शीट ठेवून झाकण घट्ट लावा. मिठाच्या अशा पाण्यावरची बंद हवा २५ अंशांना सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. मे महिन्यातही तुम्हाला तीन-चार दिवसांत कळतं की ही शीट ऑगस्टमध्ये चिकटेल का. विकायचा विचार असेल तर या परीक्षेशिवाय पुढे जाऊ नका.

*जुनं होणं:* महिन्याभराने पुन्हा घडी घालून पाहा. स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा रांगेत बसतात, शिळी पोळी कडक होते त्याचं कारणही हेच. पहिल्या आठवड्यातली शीट पाहून गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका.

*माती:* ५ × ५ सेंमीचे तुकडे कुंडीत ५ सेंमी खोल पुरा आणि माती ओलसर ठेवा. शेजारी वर्तमानपत्राचा आणि पॉलिथिनचा तुकडाही पुरा. कागदही जसाच्या तसा निघाला, तर दोष शीटचा नाही. माती कोरडी किंवा निर्जीव आहे. कोरडवाहू रानातल्या उन्हाळी ढेकळांत काहीच कुजत नाही.

तयार शीट उंदीर, झुरळं आणि कसर यांच्यापासून जपा. त्यांच्या दृष्टीने ते अन्नच आहे.

९. धंद्याचा विचार असेल तर

फळीवरच्या शीटचा कारखाना होत नाही. उद्योगात स्टार्च, ग्लिसरीन आणि थोडं पाणी दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये (तापवून, मळून, दाबून बाहेर काढणारं यंत्र) साधारण १२० ते १६० अंशांवर मळून थर्मोप्लास्टिक स्टार्च करतात, मग ते पीबॅट किंवा पीएलएमध्ये मिसळून फिल्म फुगवतात. इथेही घात पाणीच करतं: पीएलएचे दाणे ०.०२५ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत वाळवले नाहीत तर वितळताना साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ निघतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं तसंच मशीनला लावू नका. यंत्र घेण्याआधी छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट (प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्र सरकारी संस्था) केंद्रात जाऊन चाचण्या आणि प्रशिक्षणाची चौकशी करा. मराठवाड्यातल्या माणसाला ही सोय जवळ आहे.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकबंदीची अधिसूचना आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर ठरावीक एकल-वापर वस्तूंवर बंदी आहे. कंपोस्टेबल पिशव्यांना १२० मायक्रॉन जाडीची अट लागू नाही, पण त्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसाव्या लागतात आणि विकण्यापूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ‘आमच्या कुंडीत कुजली’ हा पुरावा तिथे चालत नाही. मानकानुसार नियंत्रित कंपोस्टमध्ये ८४ दिवसांनी २ मिमीच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे उरता कामा नयेत, आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन गेलेला दिसला पाहिजे. म्हणजे एकट्या चाचणीतच सहा महिने जाऊ शकतात. कर्जाचा हप्ता सुरू होण्याची तारीख ठरवताना हे महिने धरा.

अर्जाआधी जमवायची कागदपत्रं: उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, मान्य प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल, कच्च्या मालाची बिलं आणि उत्पादनाच्या टप्प्यांचा आराखडा. अर्ज भरण्याच्या दिवशी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी पुन्हा ताडून घ्या, ती बदलत असते.

‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ मसाला घालून कुठलंही प्लास्टिक कुजतं असं सांगणारे विक्रेते गाठतील. त्या मसाल्याने प्लास्टिकचा चुरा होतो, कंपोस्ट होत नाही, आणि १७०८८ मध्ये ते बसत नाही. कच्चा माल घेताना पुरवठादाराकडून त्याच मालाचं, त्याच ग्रेडच्या नावाचं प्रमाणपत्र मागा. दुसऱ्या ग्रेडच्या कागदाची झेरॉक्स पुढे केली तर माल उतरवून घेऊ नका. प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रत्येक पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक छापावा लागतो, म्हणून छपाईचे सिलिंडर प्रमाणपत्र क्रमांक हाती आल्यावरच करायला टाका.